पेरलेला मजला

३ मार्च

मानशुन,

आशीर्वाद मागाहून, आधी शिव्या खा. तीन पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर नाही. भेटीच्या दिवशी तीन बसगाड्या बदलून आले, तर खिडकीतला माणूस म्हणतो, "कैदी भेटायला तयार नाही." मी म्हटलं, कैदी तुमचा असेल, माझा धाकटा भाऊ आहे, त्याचं शेंबडं नाक मी पुसलंय. तर म्हणाला, "बाई, मागच्याला पुढे येऊ द्या." तिखटाची बरणीही परत दिली. काचेची होती म्हणे. बरणी फोडून तू कुणाला तरी भोसकशील, अशी त्यांना भीती. पाच वर्षांत त्यांनी तुला एवढंच ओळखलं.

हे पत्र तुझ्याआधी साहेब वाचतात, ते मला ठाऊक आहे. वाचणाऱ्या साहेबांना नमस्कार. अक्षर वाकडं आहे, सांभाळून घ्या. माझ्या हाताची कातडी अजून सोलते, पेन नीट धरता येत नाही.

आता बातम्या. मेट्रो सुरू झाली. स्टेशनला नाव दिलंय दोंगयाओ. विटांच्या भट्ट्या गेल्या, तीनशे घरं गेली, गाव गेलं, नाव तेवढं पाटीवर उरलं. आपलं घर होतं तिथे स्टेशनचं तीन नंबरचं दार आहे. मी कोपऱ्यावरच्या जुन्या झाडापासून पावलं मोजत गेले. चूल होती तिथे सरकता जिना लागतो. आईबाबांच्या तसबिरी होत्या तिथे पैसे टाकून छत्री काढायचं यंत्र आहे. गावच्या लोकांना चिठ्ठ्या टाकून चार दिशांच्या चार इमारतींत कोंबलं. मी सतराव्या मजल्यावर. शेजारी भिंतीपलीकडून खोकतो, तेवढीच ओळख. भाडेकरूंना तर कुणी विचारलंसुद्धा नाही. आपल्या मागच्या खोलीतली शिवणवाली आठवते ना? मशीन पाठीला बांधून गेली, कुठे गेली देव जाणे. स्टेशनच्या भोवती आता काचेच्या इमारती उठल्यात. त्यात आपल्या गावच्या फक्त दोघी जातात, त्याही फरशी पुसायला.

हाइफंग त्याच लाइनवर गाडी चालवतो. तुझा भाचा, मोटरमन! दिवसातून चौदा वेळा आपल्या चुलीखालून जातो. मी विचारलं, तिथून जाताना काय वाटतं रे? म्हणाला, "आई, बोगद्यात काय वाटायचंय, अंधार असतो." त्याचं लग्न ठरतंय. मुलगी स्टेशनवरच कामाला आहे, बापाचा आवाज मोठा आहे, बाकी बरं आहे.

आता मुद्द्याचं. अकरा वर्षांच्या शिक्षेतली तुझी पाच वर्षं झाली. वकील म्हणतो, शिक्षा कमी करण्याचा अर्ज करता येईल, पण मेलेल्याच्या घरच्यांचं माफीपत्र जोडलं तरच त्याला वजन. तेव्हा मी दू जिनकुईच्या बायकोकडे जाणार आहे. जमिनीला डोकं टेकीन, तिने तुडवलं तरी उठणार नाही, पण कागद घेऊन येईन. तुला तिथून बाहेर काढल्याशिवाय मला घास गोड लागायचा नाही.

त्या दिवशी तू दारात होतास आणि मी खाली कणीक मळत होते, असं कोर्टात लिहिलेलं आहे. तेव्हा वर काय घडलं, मला काही माहीत नाही. पण बहिणीने माफी मागायला कायद्याची आडकाठी नसावी.

तुझी ताई,
छिउलिंग


२१ मार्च

मानशुन,

उजवा हात वर होत नाही, म्हणून हे पत्र दोन दिवसांत लिहिलं.

दू जिनकुईची बायको शांगपो गावात राहते. मेट्रो आता पुढे तिथवर जाणार. तिच्या भिंतीवर लाल रंगात गोल काढून 'पाडा' लिहिलंय, आपल्या भिंतीवर लिहिलं होतं तसंच. आणि लोक काय करतायत, सांग बरं? घरं पेरतायत! गल्लीत शिरले तर दर दुसऱ्या छपरावर माणसं विटा चढवतायत. पाडताना जितके मजले जास्त, तितकी बदल्यात नवी जागा जास्त, हेच ते जुनं गणित. चिखलात वीट बसवायची, सळई घालायची नाही, वरून सिमेंटचा एक हात फिरवायचा. तू अकरा दिवसांत चाळीस घरांवर असे मजले चढवलेस, तेव्हा गाव तुला डोक्यावर घेऊन नाचत होतं. आता त्यातला एकही जण तुझं नाव काढत नाही.

बाईचं नाव फान आइल्यान. चार टेबलांचं नूडलचं दुकान आहे. ती लाटत होती. लाटणं कसलं, हातभर लांब दांडकं ते. मी दारातच गुडघे टेकले.

"अगं बाई, उठ, फरशी ओली आहे. कोण तू?"

"मिआओ मानशुनची थोरली बहीण."

तिने हात पुसले, दांडकं उचललं आणि घातलं. पहिला तडाखा खांद्यावर, दुसरा कानावर, मग मी मोजले नाहीत. गिऱ्हाइकं वाट्या तोंडाला लावून बघत होती, एकानेही उठून सोडवलं नाही. बरोबरच केलं त्यांनी. मीसुद्धा हात वर केला नाही. मानशुन, तुला माझा स्वभाव माहीत आहे. कुणी मला बोट लावलं तर त्याचं मनगट मी मुरगळते. पण तिथे मी पोत्यासारखी मार खाल्ला आणि खरं सांगू, बरं वाटलं.

दमल्यावर ती स्टुलावर बसली. "रक्त बाहेर जाऊन पूस. धंद्याची वेळ आहे."

मी पुसून परत आले. माफीपत्राचं सांगितलं. ती हसली.

"माफी! तुझ्या भावाला अकरा वर्षं मिळाली. माझ्या माणसाला काय मिळालं? तोही काही साहेब नव्हता. मक्याची कापणी संपली, हाताला काम नव्हतं. कंत्राटदाराच्या टेम्पोत बसला, डोक्यावर पिवळं हेल्मेट आलं, हातात पहार आली. सकाळी मला म्हणाला, संध्याकाळी जाड नूडल कर, भूक लागेल. झालं त्याचं जेवण."

मी मान खाली घालून बसले.

"मला एकच सांग," ती म्हणाली. "पडल्यावर तो काही बोलला का?"

"मी खाली कणीक मळत होते."

"मग तुझा उपयोग काय? चालती हो."

दारापर्यंत गेले तर मागून ओरडली, "आणि पुन्हा आलीस तर उकळतं पाणी ओतीन!"

मी पुन्हा जाणार आहे. पाण्याचं बघू.

ताई


९ एप्रिल

मानशुन,

परवा आईबाबांच्या थडग्यावरचं गवत काढून आले. थडगीही हलवली आहेत, ठाऊक आहे ना? आता सिमेंटच्या खणांत आहेत, नंबर घातलेले. तुझ्या वाटणीचा धूप मीच लावला.

घरी आले तर दारात एक म्हातारा. होउ म्हणून, तुझ्या खोलीतून गेल्या महिन्यात सुटलेला. बस म्हटलं तर खुर्चीच्या काठावर बसला, वाढलेलं सगळं खाल्लं आणि मग बोलला. साहेब, हे पुढचं वाचून त्या बिचाऱ्याला त्रास देऊ नका. तो सुटलाय.

म्हणाला, तुझा डावा कान गेला. दोन फासळ्या मोडल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, 'या भेकडाने रिकाम्या हाताच्या गड्याला मारलं,' आणि तू त्याच्या तोंडावर बादली घातलीस. मग चौघांनी तुला साबणाच्या पाण्यात पाडून तुडवला. तू ओरडलाही नाहीस म्हणे. दोन आठवडे दवाखान्यात, आणि शिक्षेत वाढ नको म्हणून साहेबांना सांगितलंस, जिन्यावरून पडलो.

म्हातारा म्हणाला, "तुमचा भाऊ झोपेत एकच बोलतो. 'ताई, खाली जा.'"

मी त्याला उरलेल्या पोळ्या बांधून दिल्या. तो गेल्यावर घरातलं फोडण्यासारखं जे होतं ते फोडलं. खोकणारा शेजारी पहिल्यांदाच दारात आला. "बाई, कुणाला मारताय?" मी म्हटलं, "कुणालाच नाही, तेच तर दुःख आहे."

दुसऱ्या दिवशी शांगपोला गेले. आइल्यानचा दीर तिच्या छपरावर मजला चढवत होता. ती खालून विटा फेकत होती, तो झेलत होता. मला बघून तिने वीट हातातच ठेवली.

"आलीस? पाणी उकळायला ठेवू?"

"ठेव. पण आधी हा मजला थांबव. फुकट आहे."

"तुमच्या गावाने पेरले तेव्हा चाललं. आम्ही पेरले की फुकट!"

मग मी तिला फोटोचं सांगितलं. तुलाही कधी सांगितलं नाही मी. तुला शिक्षा झाल्यानंतर जागावाटपाच्या कचेरीत मला बोलावलं. टेबलावर एक मोठा फोटो होता, विमानातून काढलेला, अख्खं दोंगयाओ त्यात. आदल्या शरदात काढला होता, आपण पहिली वीट चढवायच्या आधी तब्बल पाच महिने. बाबू म्हणाला, "मोजणी यावरून झाली. नंतरचं काही धरत नाहीत." मी आपलं छप्पर शोधलं. दोनच मजले, त्यावर वाळत घातलेल्या मिरच्यांचा लाल चौकोन. कडेला एक काळा ठिपका होता. ती मी. मिरच्या उलट्या करत होते.

म्हणजे तिसरा मजला कुणी मोजणारच नव्हतं. पाडला काय, ठेवला काय. पाडायचं कंत्राट कुणाला तरी मिळालं होतं, म्हणून ते पाडायला आले. आपली जागा राखायची म्हणून आपण लढलो. आणि त्या मजल्याची कुणालाच गरज नव्हती, ना त्यांना ना आपल्याला.

आइल्यानचा विश्वास बसेना. म्हणाली, "आमची भिंत पक्की आहे, माझ्या दिराने बांधलीय." मला राग आला. जिना चढून वर गेले, ओल्या नव्हे, आठवडाभर वाळलेल्या भिंतीला हात घातला आणि एक वीट ओढून काढली. मग दुसरी. डाव्या हाताने हलवायची, उजव्याने खेचायची, की दात उपटल्यासारखी येते. दहा मोजेपर्यंत मी सहा काढल्या. तिचा दीर शिव्या देत धावून आला, मी त्याला खांद्याने ढकलला, तो चिखलाच्या घमेल्यात बसला.

आइल्यान जिन्याच्या तोंडाशी उभी होती. ओरडली नाही. हळू आवाजात म्हणाली, "तू तर खाली कणीक मळत होतीस ना? मग पेरलेल्या भिंतीतून वीट कशी काढायची, हे तुझ्या हाताला कुणी शिकवलं?"

मी म्हटलं, "ऐकून माहीत आहे."

"ऐकून!" ती जवळ आली. "माझ्या माणसाला शेवटची आंघोळ मी घातली. घाव टाळूवर होता, बरोबर मधोमध. तुझ्या भावाने सांगितलं, दारात झटापट झाली, हातातली वीट डोक्यात घातली. माझा माणूस तुझ्या भावापेक्षा वीतभर उंच होता. तुझ्या भावाने उडी मारून घातली का ग?"

साहेब, दुःखी बायका काहीबाही बोलतात, मनावर घेऊ नका. मी त्या दिवशी कणीक मळत होते. कोर्टात लिहिलेलं आहे.

ताई


१२ मे

मानशुन,

तुझं पत्र आलं. पाच वर्षांतलं पहिलं, आणि त्यात एक ओळ. 'ताई, तू कणीकच मळ.' मी ते उलटून पाहिलं, उजेडात धरून पाहिलं. दुसरं काही नाही. बाकीच्या कागदाचे पैसे परत माग.

तुला कळलं म्हणायचं, मी कुठल्या वाटेला लागले आहे ते. अडवतोयस. लहानपणापासून तुझं हेच. बाबांच्या हातातला पट्टा दिसला की माझ्या पुढ्यात येऊन उभा. मी दगड मारून भट्टीवाल्याच्या खिडक्या फोडायच्या आणि पाठ तुझी सोलायची.

रविवारी हाइफंगच्या सासरची माणसं जेवायला आली. सहा जण. मी मासा केला, मेंढीचा रस्सा केला, तिखटाची ती परत आलेली बरणी मध्ये ठेवली. सगळं छान चाललं होतं. मग मुलीचा बाप मोठ्या आवाजात म्हणाला, "लग्नात मुलाच्या मामाचा मान मोठा. मामा कुठे असतात?"

मी तोंड उघडायच्या आत हाइफंग म्हणाला, "मामा वारले."

तसाच, मीठ द्या म्हणावं तसा. आणि त्याने माशाचा तुकडा उचलून त्या मुलीच्या वाटीत ठेवला.

मानशुन, माझ्या हातात रश्श्याचा डाव होता. तोच मी त्याच्या तोंडावर मारला. दात तुटला, टेबलावर पडला. रस्सा मुलीच्या आईच्या कपड्यांवर. बाई किंचाळली, बाप खुर्ची पाडून उठला, "ही काय तऱ्हा! हे घर आहे की खाटकाचं दुकान?" मी म्हटलं, "जेवण झालं असेल तर निघा." निघाले. मुलगी मात्र दारातून परत आली, आपला रुमाल हाइफंगच्या हातात दिला, मला वाकून नमस्कार केला आणि गेली. मुलगी चांगली आहे. माझ्या पोरापेक्षा चांगली.

मग घरात आम्ही दोघंच. तो तोंड धरून बसलेला, रुमाल लाल झालेला. मी त्याला म्हटलं, तुझा मामा जिवंत आहे, एका कानाने बहिरा झालाय, आणि तो तिथे का आहे ते आज ऐक.

तो म्हणाला, "सांगू नकोस. मला माहीत आहे."

त्यापुढे तो जे बोलला ते साहेबांसमोर लिहिता येत नाही. ते ऐकल्यापासून मी जेवलेले नाही. आणि तुझी ती एक ओळ मी पिठाच्या डब्यावर चिकटवून ठेवलीय. येता-जाता वाचते आणि माझीच मला किळस येते.

ताई


२ जून

मानशुन,

हे पत्र तुला मिळणार नाही. म्हणूनच लिहिते आहे.

वाचणारे साहेब, आजवर मी तुम्हाला नुसता नमस्कार घालत आले. आज पत्र तुमच्यासाठीच आहे. खुर्ची पुढे ओढा आणि सावकाश वाचा.

मी त्या दिवशी कणीक मळत नव्हते. मी तिसऱ्या मजल्यावर होते.

सकाळी आठला चार टेम्पो आले. पन्नास-साठ पिवळी हेल्मेटं. आधी खालच्या गल्लीतली घरं घेतली. वांग म्हाताऱ्याला गादीसकट उचलून रस्त्यात आणून टाकला, त्याच्या सुनेचे केस धरून फरफटवली. माझ्या भावाने आमचं दार लावलं आणि आतून खांदा दिला. मी वर धावले. वर मारायला काही नव्हतं, भिंत सोडून. मग भिंतच काढायला लागले. आमच्या गावात त्या दिवशी दगड कुणी शोधले नाहीत, जो तो आपापला पेरलेला मजला उपटून खाली फेकत होता. मी किती विटा टाकल्या, आठवत नाही. एकाच्या खांद्यावर बसली, त्याचा हात लोंबताना पाहिला आणि मी आनंदाने ओरडले. हो, आनंदाने. खोटं कशाला लिहू?

मग दार तुटलं. दू जिनकुईने पहार घातली ती माझ्या भावाच्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज मला वर ऐकू आला. भाऊ उंबऱ्यात कोसळला. दू जिनकुई दोन पावलं मागे अंगणात आला, पहार भिंतीला टेकवली, हेल्मेट काढलं आणि बाहीने कपाळाचा घाम पुसू लागला. तो बरोबर माझ्याखाली होता. हेल्मेट काढलेलं मी पाहिलं. पाहिलं आणि वीट सोडली. साहेब, हे नीट लिहून घ्या. ती हातातून सुटली नाही. मी नेम धरला होता.

तो खाली बसला, फार दमल्यासारखा. मग आडवा झाला.

मी जिन्यात आले तेव्हा मानशुन तुटलेला हात पोटाशी धरून वर येत होता. त्याने अंगणात पाहिलं, मला पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. त्या महिन्यात हाइफंगचं मेट्रोच्या नोकरीचं पत्र येणार होतं. माझ्या कानाला तोंड लावून मानशुन म्हणाला, "नोकरीच्या चौकशीत आईची पोलिसातली नोंद बघतात, मामाची बघत नाहीत. ताई, खाली जा. हात पिठात घाल." आणि तो अंगणात जाऊन त्या माणसाशेजारी बसून राहिला, कुणीतरी येऊन धरेपर्यंत. सगळ्यांनी त्याला दारात पाहिलं होतं, म्हणून त्याने दारातली गोष्ट रचली. छपराचं नाव काढलं असतं तर छपरावर कोण होतं, हे कुणीतरी विचारलं असतं.

मी खाली गेले. डबा उघडला. पीठ नव्हतं. विटांच्या धुळीने माझे हात कोपरापर्यंत लाल होते. बांधकामातला चुना पोत्यात उरला होता. तो मी ओला करून दोन्ही हातांना फासला. पोलीस आले, त्यांनी पांढरे हात पाहिले, चुलीजवळची बाई पाहिली, आणि पुढे गेले. चुन्याने हात भाजले. कातडी अजून सोलते, पहिल्याच पत्रात लिहिलं होतं मी. तुमच्या लक्षात आलं नाही.

आणि पीठ कुठे होतं? पीठ आणायला सकाळी मी हाइफंगला पाठवलं होतं. वीस वर्षांचा घोडा, नको म्हणत होता, मी शिव्या देऊन पाठवला. गल्ल्या बंद होत्या म्हणून तो दुपारी आला. पिठाची पिशवी खांद्यावर, आणि समोर आई पांढऱ्या हातांनी पोलिसाला सांगतेय, मी कणीक मळत होते. त्याने पिशवी गुपचूप कोपऱ्यात ठेवली. पाच वर्षं तोंडातून अक्षर काढलं नाही.

त्या जेवणाच्या रविवारी तुटक्या दाताने त्याने मला हेच सांगितलं. "पीठ माझ्या खांद्यावर होतं, आई. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे." मी म्हटलं, मग मामा वारले कसं म्हणवलं तुला? तर म्हणाला, "आता बोलून काय मिळणार? पाच वर्षं झालीच आहेत. मामाला सवय झाली असेल."

मानशुन, त्याला मी पुन्हा मारलं नाही. कारण तो माझंच वाक्य बोलत होता. पाच वर्षं मी मनात हेच म्हणत आले. तू मार खात होतास आणि मी सतराव्या मजल्यावर बसून स्वतःच्या पोळीवर तूप ओढत होते, वर तुझ्यासाठी माफी मागत फिरत होते! माफी कुणाच्या नावाची? हाइफंगची नोकरी जाईल. लग्न राहील की नाही माहीत नाही, ती मुलगी काल मात्र येऊन त्याला दाताच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. तो मला म्हणाला, "आई, तू माझं आयुष्य पाडतेयस." मी म्हटलं, "हो रे. सळई न घालता बांधलेलं होतं, कधीतरी पडणारच होतं." खूप रडला. मीही रडले. तो माझा एकुलता एक आहे, मला काय हौस आहे का?

काल शांगपोला जाऊन आइल्यानला सगळं सांगितलं. तिच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी उभ्याने सांगितलं, तिने बसून ऐकलं. तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही दिलं. तो काही बोलला नाही. घाम पुसत होता.

दांडकं तिच्या हाताशीच होतं. मी वाट बघत उभी राहिले. ती उठली, परातीत पीठ-मीठ घेतलं, पाण्याचं भांडं आणून माझ्यासमोर आपटलं.

"मळ," म्हणाली.

"काय?"

"पाच वर्षं मळतेयस ना? आज मळ."

मी मळलं. सोललेल्या कातडीत मीठ शिरून आग होत होती. तिने ते लाटलं, जाड कापलं, दोन वाट्या भरल्या. एक तिच्या माणसाच्या तसबिरीपुढे ठेवली, दुसरी माझ्यापुढे. स्वतः नाही जेवली. मी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्लं, ती बघत बसली.

मग म्हणाली, "तुला माफ नाही करणार. कधीच नाही. पण तुझ्या भावाने माझ्या माणसाला मारलं नाही, एवढं लिहून देते." आणि दिलं. तो कागद या पाकिटात आहे, साहेब. अंगठ्याला पीठ लागलं होतं, म्हणून ठसा जरा पुसट आलाय. तिने छपरावरचा मजलाही उतरवलाय. विटा रस्त्याकडेला रचून ठेवल्यात.

साहेब, एवढं सगळं कळल्यावर तुम्ही हे पत्र त्याला देणार नाही, नियम मला माहीत आहे. पण तो तुमच्या भिंतीआड आहे, जाता-जाता त्याच्या उजव्या कानात सांगा, डावा गेलाय. सांगा की ताई खाली आली.

पत्ता पाकिटाच्या मागे आहे. दोंगयाओ स्टेशनच्या तीन नंबरच्या दाराने बाहेर पडलात तर तिथून सरळ बस मिळते. मी घरीच असेन. सामान बांधून ठेवलंय, तिखटाची बरणी प्लास्टिकची घेतलीय. आलात की हाका मारू नका, धक्केही मारू नका. आणि डोक्यावर काही घालून यायची गरज नाही. दार उघडं आहे आणि वर कुणी नाही.

मिआओ छिउलिंग